खोलीचा आवाज

दूध उतू जाण्याआधी अबोलीने गॅस बंद केला, बाबांची रक्तदाबाची गोळी वाटीत काढली आणि बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं. भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या वसाहतीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि गेली. रोजच्यासारखीच सकाळ. फक्त आज कप तीन होते, आणि तिसरा पुसताना तिचा हात थांबत होता.

योनातन नवगावकर आज शेवटचा येणार होता. कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठी ज्यू घरातला हा कवी हिब्रूत लिहीत असे, माहितीपट करत असे. इस्राएलला जाण्याआधी त्याचे वडील आणि बाबा भोपाळच्या कारखान्यात एकाच पाळीत होते. वडिलांवरच्या माहितीपटासाठी तो बाबांना बोलतं करायला आला होता. पहिल्याच दिवशी दारात त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, मग स्वतःची बोटं ओठांना लावली. तिने हात ओढूनच घेतला होता.

"आमच्यात सगळ्यांना असंच भेटतात," तो गडबडला होता. "तुमच्या बाबांनाही आता असंच..."

आणि काल, जिन्यात— "शूटिंग संपलं तरी मी परत येऊ? तुमच्यासाठी?"

"उद्या सांगते," एवढंच तिला जमलं होतं. तिकडे इस्राएलमध्ये हल्ल्याचे भोंगे वाजत होते. 'या' म्हणायचं, आणि मग रोज बातम्यांसमोर जीव मुठीत धरून बसायचं... तेवढं बळ आपल्यात आहे?

तो आला. डोळे तारवटलेले.

"आईचा फोन होता. काल दोनदा आसऱ्याच्या खोलीत धावावं लागलं तिला."

ती चहा गाळू लागली. "इथे लिहायला घेतलेली कविता झाली?"

"एक ओळ अडलीय," तो हसला. "तुम्हीच अडवलीय."

तिने चहा पुढे केला.

सामान आवरण्यापूर्वी त्याने माइक टेबलावर ठेवला. "आता फक्त खोलीचा आवाज घ्यायचा, संकलनात जोडायला लागतो. एक मिनिट कुणी बोलायचं नाही."

"एक मिनिट शांतता?" बाबा दचकले. "कोण गेलं रे?"

"कुणी नाही, काका. मीच जातोय."

बाबांनी पूजेला बसल्यासारखे डोळे मिटले. पंखा घरघरत होता. कानांवर हेडफोन लावून योनातन जमिनीकडे पाहत होता.

अबोलीने बांगड्या कोपराकडे घट्ट सारल्या, वाजू नयेत म्हणून. ती उठली. त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला, आणि मग आपली बोटं ओठांना लावली.

त्याने मान वर केली. तिने पुन्हा त्याचा हात धरला. या वेळी सोडला नाही.

मिनिट संपेपर्यंत माइकमध्ये पंख्याची घरघर तेवढी उतरली.