नवरंगाचा साक्षीदार

पहिल्याच दिवशी तिचा डावा बूट चिखलाने गिळला आणि ती एका पायावर, दुर्बीण सावरत, खारफुटीच्या मुळांमध्ये उभी राहिली. धक्क्यावरून एक नावाडी हे सगळं मजेत बघत होता.

"बगळे मोजायला आलात की बगळा व्हायला?"

"आधी बूट काढून द्या, मग सांगते," ती तोऱ्यात म्हणाली.

त्याने बूट काढला, धुऊन दिला आणि आठ दिवसांच्या पक्षीमोजणीसाठी तिचा नावाडी तोच ठरला.

रोज ओहोटीला दोघं खाडीत शिरायची. तो तिच्या पाठीमागे बसून वल्हवायचा, ती पुढे बघत मोजायची. खंड्या, शराटी, ढोकरी, तुतवार... पाचव्या दिवशी यादी एकेचाळीसवर गेली, आणि त्याच्या हसण्याकडे बघायचं नाही हा तिचा निश्चय पार ढेपाळला. तो मोडल्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही.

सातव्या दिवशी दाट झाडीच्या बाजूने शीळ ऐकू आली. दोन सुरांची, गोड. नवरंग! या खाडीत तो आजवर कोणालाच सापडला नव्हता.

"म्हणजे आता मुक्काम वाढणार?" त्याने जरा जास्तच घाईने विचारलं.

"आठवडाभर तरी."

मग नवरंग रोज शीळ घालू लागला. फक्त नावाडी चहा प्यायला लागला की नवरंगाचीही दातखीळ बसायची. शीळ कोण घालतंय ते दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं आणि ती मनातल्या मनात खूप हसली. मोजणी मात्र तिने चालूच ठेवली. चार नवे पक्षी यादीत आलेही.

पण एक नियम होता. नुसता ऐकलेला, न दिसलेला पक्षी नोंदवायचा तर दुसऱ्या माणसाने साक्षीदार म्हणून सही करायची. त्याने ती केली तर? गमतीने शीळ घालणारा तिला हवाहवासा वाटत होता, पण तिच्या कामात खोटं मिसळणारा माणूस तिला नको होता. त्याने सही केली तर दुपारच्या गाडीने निघून जायचं, असं ठरवून तिने बॅग भरली.

शेवटच्या सकाळी, त्याच्या वहिनीच्या चहाच्या टपरीवर, तिने कागद पुढे सरकवला.

"इथे सही करा. नवरंग तुम्हीही ऐकलात ना?"

त्याने पेन घेतलं... कागदावर टेकवलं. तिने पायाशी ठेवलेल्या बॅगेचा पट्टा हातात घेतला.

"भावोजी, सही करताय की चित्र काढताय?" वहिनीने विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "नाही करत. नवरंग नव्हताच. मी होतो."

"तुम्ही?"

"तुम्ही जाणार होतात. मला दुसरं काही सुचलंच नाही... आवडता तुम्ही मला. फार. आता काय ओरडायचं ते ओरडा, पण माझ्यापायी तुमची यादी खोटी नको."

तिचे डोळे भरून आले. त्याच्यासमोरच तिने कागदावर लिहिलं — नवरंग, नाही.

"रागावलात?"

"रागावणारच! आठवडाभर डासांनी फोडून काढलं मला. आणि शीळ घालायचीच होती, तर मधे चहा कशाला प्यायचा?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं? तरी थांबलात?"

"थांबले," ती म्हणाली आणि या वेळी नजर मुळीच वळवली नाही. "आवडता तुम्हीही मला. हिवाळ्याची मोजणी मीच मागून घेणार आहे. नावाडी हाच हवा, असं लिहून देते. त्याला साक्षीदाराची सही लागत नाही."