एकही ठिपका न हरवता

थापा मारायच्या असत्या तर मी त्या शेजारणीच्या नावावर खपवल्या नसत्या. रित्वा कांगास आजही इथे कॅनडात, थंडर बेमध्ये, आमच्या शेजारच्याच घरात राहते. हे सगळं तिच्या बाबतीत घडलं. तिने ते आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्यापुढची कॉफी तशीच गार झाली. कॉफी गार होऊ देणारी बाई नाही ती.

दिवस नाताळच्या आधीचा. रात्र नव्हती. दुपार नुकती कलली होती, पण इथे डिसेंबरात दुपार कलली की अंधारच पडतो.

सुरुवात मात्र महिनाभर आधी झाली होती.

रित्वा गावच्या संग्रहालयात कामाला आहे. जुन्या टेपांवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि एका प्रकारच्या फाईलचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करायचं, हे तिचं काम. या बाबतीत बाई भलती सोवळ्याची. मूळ फाईलला हात लावायचा नाही. प्रतीवरून प्रत काढायची नाही. नुसता डबा बदलून भागत असेल, तर आतली भाजी पुन्हा शिजवायची नाही. बरोबरचे लोक तिला हसायचे.

"प्रत्येक रूपांतरात काहीतरी जातं," ती म्हणायची. "गेलेलं परत येत नाही. आणि नव्याने काही येत तर नाहीच नाही."

हे शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

रित्वाचे बाबा, ओइवा, जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ते तोंड फिरवायचे. त्यामुळे त्यांचा बोलता चेहरा एकाच टेपवर होता. तळ्याकाठच्या घरी, नाताळच्या आदल्या दिवशी, आईने काढलेला.

चित्रण अगदी छोटं. बाबा सॉनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, बाहेर येतात. ओल्या केसांतून वाफा निघतायत. ते मागे वळून दार ओढून घेतात. मग कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि म्हणतात, "झालं. आता राहिलेली वाफ त्यांची."

इथल्या फिनिश घरांची ही रीतच आहे. त्या दिवशी अंधार पडायच्या आत आपण उरकून घ्यायचं, आणि शेवटची वाफ घरातल्या गेलेल्या माणसांसाठी सोडून दार लावायचं.

रित्वाने ती टेप एकदा उतरवून घेतली. दुसऱ्यांदा लावली तर ती यंत्रात अडकून तुटली. म्हणजे आता सगळी भिस्त त्या एका फाईलवर. फाईल भली मोठी, पण एकही ठिपका न हरवलेली.

तिची आई, आउने, वृद्धाश्रमात होती. आठवण विरत चालली होती, पण "ओइवाला दाखव" एवढं ती रोज म्हणायची. आईच्या टॅबलेटवर मोठी फाईल अडखळायला लागली. म्हणून रित्वाने मूळ फाईलवरून एक लहान प्रत काढली, जिवापाड जपून. बाबांच्या भुवईचा केससुद्धा शाबूत राहिला.

तीच प्रत तिने कॅलगरीला भावाला पाठवली. घोळ झाला तो तिथे.

"रित्वा," आर्नीचा फोन आला, "सॉनाचं दार उघडं होतं का गं?"

"बाबा ओढून घेतात ना ते. चष्मा बदल आता."

"मग तूच बघ. मी पडलो अडाणी."

त्याने फोनवर पाठवलेलं चित्रण तिने उघडलं, आणि आधी तिचं डोकंच सणकलं. बाबांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा.

"काय केलंस हे?"

"मुलांच्या फोनवर जाईना, म्हणून जरा बारीक केली. तरी जाईना, म्हणून तीच परत जरा..."

"जरा! प्रतीची प्रत, तिची आणखी प्रत! अरे, बाबांचा चेहरा खाल्लास तू!"

"बरं बाईसाहेब, चुकलं. पण दाराचं काय?"

तिने दाराकडे बघितलं.

बाबा दार ओढून घेत होते. हसत होते. आणि त्यांच्या पाठीमागे ते दार...

वीतभर उघडं होतं.

रित्वाने मोठी फाईल लावली. दार बंद. स्वतः काढलेली लहान प्रत लावली. बंद. पुन्हा आर्नीची लावली.

उघडं.

फाईल फार दाबली की सावल्यांचे डाग पडतात, ते डोळ्यांना फसवतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? डागच आहे, ती स्वतःला म्हणाली. खात्री करायला तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. आर्नीच्या प्रतीवरून आणखी एक प्रत काढली.

बाबा आणखी विरघळले.

दार आणखी उघडलं होतं. आणि दाराच्या कडेला...

एक हात होता. लहान मुलाचा. पिवळ्या लोकरीच्या हातमोज्यातला.

रित्वाने कॉम्प्युटर धाडकन मिटला. तो हातमोजा तिच्या ओळखीचा होता. आईच्या खणात तसाच एक, एकटाच, लहानपणापासून पडून होता. कुणाचा म्हणून विचारलं की आई खण लावून घ्यायची.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. आर्नीला म्हणाली, "डाग आहे. विसर."

नाताळच्या आदल्या दिवशी ती आईकडे गेली. बरोबर वेलदोड्याचा गोड पाव आणि आपला कॉम्प्युटर. खोलीत पाय ठेवताच तिचं लक्ष टॅबलेटकडे गेलं. आर्नीने त्याची ती प्रत परस्पर आईच्या टॅबलेटवरही पाठवली होती. आई तेच तेच लावून बघत होती. तिचं बोट बाबांवर नव्हतं. दारावर होतं.

"आलीस? ही अजून बारीक कर," आई म्हणाली. आवाज खणखणीत. कित्येक महिन्यांत इतका नव्हता.

"आई, अजून बारीक केली तर बाबा दिसणार नाहीत."

"त्याला मी पोटभर बघितलंय. तिला नाही बघितलं."

"कुणाला?"

आईने तिच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

"सिर्काला."

दफनभूमीत त्यांच्या घरच्या जागेत एक छोटासा दगड आहे. त्यावर हे नाव आहे. रित्वाच्या जन्माआधीची बहीण, एवढंच तिला माहीत होतं. तळ्यावरचा बर्फ फुटला होता, एवढंच. घरात कधी कुणी त्यावर बोललं नाही.

"तळ्याने एक हातमोजा तेवढा परत दिला मला," आई म्हणाली. "कर ना गं बारीक. ती बाहेर येतेय."

मूळ फाईल घरी सुरक्षित आहे, रित्वाने मनाला बजावलं. आईच्या पलंगावर बसून तिने प्रत काढली. मग त्या प्रतीची प्रत. मग तिची. दर वेळी बाबांमधलं काहीतरी जात होतं. आधी डोळे. मग हसू. मग आवाजाची नुसती गुळगुळ राहिली. ती रडत होती. खिडकीबाहेर अंधार झाला होता.

"अजून एकदा," आई म्हणाली.

तिने शेवटची प्रत लावली.

बाबांच्या जागी तपकिरी चिखल होता. बर्फ, झाडं, पायऱ्या, सगळ्याचा लगदा. आणि त्या लगद्यात, सॉनाच्या उंबऱ्यावर...

एक मुलगी उभी होती.

लख्ख. टोपीच्या विणीचे टाके दिसावेत इतकी लख्ख. एका हातात पिवळा हातमोजा. दुसरा हात उघडा. आणि ती कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणजे आईकडे.

नव्याने काही येत तर नाहीच नाही... मग हे आलं कुठून?

आईने काचेवर बोट ठेवलं. तिला भीती कसली ती नव्हतीच.

"गारठली असेल," ती म्हणाली. "एक हात उघडाच आहे पोरीचा."

नवीन वर्ष लागलं आणि आई झोपेतच गेली. रित्वाने खणातला तो एकटा हातमोजा तिच्या हातात ठेवला, तिच्याबरोबरच पुरला. मग बसून सगळ्या प्रती पुसल्या. आईच्या टॅबलेटवरच्या, स्वतःच्या. आर्नीला फोनवर धरून त्याच्याही पुसायला लावल्या. उरली एक मोठी फाईल. दार बंद असलेली. बाबांचं हसू असलेली.

एवढं आहे ना आपल्याकडे, ती म्हणायची. बस झालं.

वसंतात तिची जुनी डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून तिने ती फाईल नव्या डिस्कवर घेतली. रूपांतर नाही, दाबणं नाही. नुसती जशीच्या तशी उचलून ठेवली. वर ताळाही घेतला. कॉम्प्युटर प्रत्येक फाईलचा एक लांबलचक आकडा काढून देतो. आतला एक ठिपका जरी बदलला, तरी तो आकडा जुळत नाही.

आकडा जुळला. अगदी तंतोतंत.

तिला इतकं हायसं वाटलं, की बाबांना एकदा बघून घ्यावं म्हणून तिने फाईल लावली.

चित्र स्वच्छ होतं. बर्फाचा कण न् कण दिसत होता. बाबांच्या केसांतून वाफा निघत होत्या. आणि दार...

दार सताड उघडं होतं.

उंबऱ्यावर ती मुलगी. दोन्ही हातांत पिवळे हातमोजे.

बाबा कॅमेऱ्याकडे वळलेच नाहीत. त्यांची पाठ दिसत होती. मानेवरचे ओले केस एकेक मोजता यावेत, इतकी स्पष्ट. एक पाय उंबऱ्यावर. आतून कुणीतरी काहीतरी म्हटलं, बाईचा आवाज, पण शब्द कळले नाहीत. बाबांचे मात्र कळले. आवाज खणखणीत होता.

"आलो गं, आलो."

चित्रण तिथेच संपलं.

तिने आकडा पुन्हा जुळवून बघितला. जुळला. जुन्या डिस्कवरची फाईल लावायला गेली, तर ती डिस्क सुरूच होईना.

आर्नी अजून मागे लागलेला आहे. "अगं, मुलांना आजोबा दाखवायचेत. या वेळी तू म्हणशील तसं करतो. एक चांगली प्रत पाठव." रित्वा काहीतरी कारण सांगते. ज्या चेहऱ्यासाठी तिने एवढं जपलं, तो चेहरा तेवढा नाही, हे त्याला कसं सांगणार?

हे सगळं सांगून झाल्यावर तिने आमच्या टेबलावर ती नवी डिस्क ठेवली.

"माझ्याच्याने पुन्हा बघवत नाही," ती म्हणाली. "तू बघशील? बाबा अजून बाहेर आहेत का, तेवढंच सांग."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. डिस्क आमच्या कपाटात आहे. कुंपणापाशी भेट झाली की रित्वा काही विचारत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघते. मी अजून ती लावलेली नाही. कारण मी बघितलं... आणि माझ्या बघण्यानेच त्यांचा दुसरा पाय आत गेला, तर?