खणीतली मरळ आणि तांब्याचा मासा

बंडूनं गळ पाण्यातून ओढून काढला. टोकाला लावलेला बेडूक होता तसाच होता. त्याला कुणी साधं हुंगूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

“गांडूळ झालं, कणकेची गोळी झाली, आता बेडूक बी झाला,” कपाळावरचा घाम पुसत बंडू म्हणाला. “ह्या मरळीला काय पानसुपारीचं आवतान पायजे काय?”

नंदिनी चिंचेच्या सावलीत बेडकाकडे पाठ करून बसली होती. तिच्या घरात मासा शिजणं सोडाच, माशाचं नावही जेवताना काढत नसत. तरीही उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती रोज इथं येत होती, कारण तिची मैत्रीण जुलेखा अडचणीत होती. आणि जुलेखाची अडचण त्या न दिसणाऱ्या मरळीपाशी येऊन थांबली होती.

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या टोकाला ही जुनी खण होती. कधीकाळी इथला दगड काढून लोकांनी घरं बांधली. दगड गेला, खड्डा राहिला, खड्ड्यात पाणी साठलं आणि पाण्यात मासे आले. खणीच्या एका काठावर, याच चिंचेखाली, जुलेखाच्या वडिलांची कल्हईची भट्टी होती. बाबालाल पेठेतली तांब्यापितळेची भांडी घासून, तापवून त्यांना आतून कथलाचा मुलामा द्यायचे. समोरच्या काठाला जोतीराम वस्तादांच्या तालमीची मागची भिंत होती.

शाहू महाराजांचं राज्य म्हणजे कुस्तीचे सोन्याचे दिवस. खासबागेचं मैदान नुकतंच बांधून झालं होतं, आणि पेठेत वस्तादाच्या शब्दाला मामलेदाराच्या शब्दाहून जास्त वजन होतं. जोतीराम वस्तादांनी कितीतरी पैलवान घडवले होते. त्यांना एकच नाद होता, मरळीचा. दर उन्हाळ्यात संध्याकाळी ते चिंचेखाली गळ टाकून बसत आणि हाताएवढी मरळ घेऊन मिशीला पीळ देत घरी जात. यंदा मात्र एकही मासा लागला नव्हता. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! कल्हईच्या पाण्यानं खणीतले मासे मेले, बाबालालनं भट्टी हलवावी, असं त्यांनी भर कट्ट्यावर सांगून टाकलं.

कुणी खणीत डोकावून पाहिलं नाही. नंदिनीचे वडील नृसिंहपंत शाळेत मास्तर होते, मुलांना चौकशी केल्याशिवाय बोलू नका म्हणून शिकवत होते, पण त्यांनीसुद्धा मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. रविवारी सकाळी पेठेतली मोठी माणसं खणीवर जमणार होती आणि बाबालालना उठायला सांगणार होती.

सावली आणि पाणी एका ठिकाणी असलेली दुसरी जागा पेठेत नव्हती. भट्टी उठली की बिऱ्हाडही उठणार होतं. हातकणंगल्याला मामाकडं जायचं, असं अब्बा म्हणत होते. जुलेखानं ही गोष्ट सांगितली तेव्हा ती रडली नाही, फक्त भाता नेहमीपेक्षा जोरात मारत राहिली.

बंडू दोन दिवस त्या काठावरून हलला नव्हता, त्याचं कारण वेगळंच होतं. प्लेगच्या वर्षी सारी पेठ घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली. बंडूला तापानं घेरलं होतं, वडील कामासाठी परगावी होते आणि आई, बनाबाई, एकटी होती. शेजाऱ्यांनी आपापली दारं लावली आणि ते पुढं निघून गेले. तेव्हा बाबालालनी त्याला पाठीवर घेतलं आणि माळापर्यंत नेलं. बंडूला त्यातलं एकच आठवत होतं, नाकात भरलेला कल्हईच्या नवसागराचा वास. त्याबद्दल तो बाबालालना कधी काही बोलला नव्हता. बोलायला गेलं की जीभच वळायची नाही.

“बंडू, मेलेला मासा काय करतो?” नंदिनीनं एकदम विचारलं.

“वास मारतो.”

“आणि त्याच्या आधी?”

“तरंगतो की.” बंडू थांबला. “आयला, एक बी मासा तरंगल्याला दिसला न्हाय!”

शेजारीच भट्टीवर बसलेली जुलेखा भाता सोडून उठली. मासे मेले असते तर घारींनी गोंधळ घातला असता, पण आभाळात एकही घार आली नव्हती, हे तिला आता आठवलं. शिवाय अब्बा भांडी घासलेलं पाणी खणीत सोडतच नव्हते. त्यासाठी त्यांनी भट्टीमागं खड्डा खणला होता, आणि तो पाहायची तसदी कुणी घेतली नव्हती.

म्हणजे मासे जिवंत होते! मग गेले कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं चिंचेवर चढून बसले. मरळीला हवा घ्यायला मधूनमधून वर यावंच लागतं, एवढं बंडूला वस्तादांच्याच गप्पांतून कळलं होतं. त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. या काठाला बुडबुडासुद्धा नव्हता. बंडूला डुलकी लागायची वेळ आली, तेवढ्यात नंदिनीनं त्याला चिमटा काढला.

“खंड्या कुठंय?” ती म्हणाली.

दरवर्षी चिंचेच्या या वाळक्या फांदीवर निळा खंड्या बसलेला असायचा. आज तो समोर तालमीच्या भिंतीवर होता. त्यानं पाण्यात सूर मारला, चोचीत चंदेरी मासोळी धरून वर आला आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसला.

“मासं खाणाऱ्याला मासं कुठं हाईत ते ठावं असतंय,” जुलेखा म्हणाली, आणि तिघं भराभर खाली उतरले.

तालमीच्या मागं झुडपात दडून त्यांनी जे पाहिलं ते असं. आकाराम नावाचा एक धिप्पाड पैलवान थंडाईचं पातेलं घेऊन आला. फडक्यात गाळून उरलेला बदाम-खसखशीचा चोथा, बदामाची सालं, सगळं त्यानं पाण्यात झोकून दिलं आणि गाणं म्हणत निघून गेला. लगेच बोटाबोटाएवढ्या चंदेरी माशांची झुंबड उडाली. पाणी उकळल्यासारखं झालं. आणि मग खालून एक काळं, जाडजूड अंग वर आलं, धप्पकन आवाज झाला, आणि मासोळ्या चहूकडं उधळल्या.

“मरळ!” बंडू एवढ्या जोरात म्हणाला की नंदिनीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आता कोडं निम्मं सुटलं होतं. तालमीत गेल्या वर्षापर्यंत एक म्हैस होती. थंडाईचा चोथा तिच्या पुढ्यात जायचा. म्हैस आटली, वस्तादांनी ती हिवाळ्यात गावाकडं धाडून दिली, आणि तेव्हापासून चोथा खणीत पडू लागला. चोथ्यामागं मासोळ्या गेल्या आणि मासोळ्यांमागं मरळ. वस्तादांचा मासा वस्तादांच्याच पैलवानांनी पळवला होता!

पण हे नुसतं सांगून कोण ऐकणार? पोरांचं बोलणं मोठी माणसं कानाआड करतात. मरळ काढूनच दाखवायला हवी होती.

बंडूनं तिथं बेडूक टाकला. मरळ त्याच्या शेजारून गेली आणि तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

“समोर लाडवांचं ताट असताना तू शिळी भाकरी खाशील का?” नंदिनी म्हणाली. “ती जे खाते तेच दे.”

बंडूनं आपल्या पंच्यानं एक मासोळी पकडली. पण ती गळाला लावताच उन्हात मान टाकून पोट वर करून उलटी झाली, आणि मरळीनं तीही सोडून दिली. नंदिनीला तर बघवेना. ती तोंड फिरवून बसली.

जुलेखा मात्र पाण्याकडं टक लावून होती. आकाराम पुन्हा चोथा टाकून गेला तेव्हा तिनं नीट पाहिलं. सगळ्याच मासोळ्या मरळीच्या तोंडी जात नव्हत्या. वळताना जिचं अंग उन्हात लकाकायचं, तिच्यावरच झडप पडत होती.

“चमकतंय त्येच खात्या ती,” जुलेखा म्हणाली. “चला माझ्यासंगं.”

बाबालाल नवी जागा बघायला हातकणंगल्याला गेले होते. जुलेखानं भट्टी पेटवली, तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला, कातरीनं मासोळीच्या आकाराचा कापला आणि थोडा वाकवला. बंडूला तिनं भात्यावर बसवलं. पत्रा तापल्यावर तिनं नवसागर टाकला. पांढरा धूर उठला आणि बंडूच्या नाकात शिरला. तोच वास! बंडू भाता मारायचा थांबला.

“काय झालं रं?”

“काय न्हाय,” तो म्हणाला, आणि दुप्पट जोरानं भाता मारू लागला.

जुलेखानं कथील फिरवलं, कापसानं पुसून घेतलं, आणि लालसर पत्रा चांदीसारखा उजळला. शेपटीकडं गळ बांधला, तोंडाकडं दोरा. नंदिनीनं तो हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला. या माशाला दुखणार नव्हतं, म्हणून तिला तो फारच आवडला.

रविवारी सकाळी चिंचेखाली माणसं जमली. वस्ताद मधोमध बसले होते, शेजारी नृसिंहपंत. बाबालालनी काही वाद घातला नाही. भाता गुंडाळून ठेवलेलाच होता. एवढी वर्षं पेठेनं सांभाळलं, आता जायला सांगताय तर जातो, एवढंच ते म्हणाले.

नंदिनी पुढं झाली. ती वडिलांकडं वळली.

“आप्पा, चौकशी केल्याशिवाय बोलू नये ना? खणीत मरळ जिवंत असली तर?”

सगळे हसले. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “पोरी, जित्ती मरळ हितं आणून दाव. मी बोललेलं समद्यांम्होरं माघारी घेतो.”

“मग पलीकडं चला,” बंडू म्हणाला. “थोडं चालावं लागंल की.”

हसत, कुरकुरत सगळी मंडळी तालमीमागं आली. आकाराम नेहमीप्रमाणे चोथा टाकून रिकामं पातेलं हातात घेऊन उभा होता. बंडूनं कळकाची काठी फिरवली. पहिल्याच फेकीला गळ शेवाळात अडकला आणि हशा पिकला. दुसऱ्या वेळी त्यानं घाईघाईनं दोरा ओढला, तांब्याचा मासा सरळ रेषेत काठाला आला, आणि मरळ काही फिरकली नाही.

“पळवू नको त्याला,” नंदिनी हळूच म्हणाली. “खऱ्या मासोळ्या थांबतात, गिरकी घेतात, खाली जातात. तसं कर.”

तिसऱ्या वेळी बंडूनं दोरा सैल सोडला. मासा लकाकत, गिरक्या घेत खाली जाऊ लागला. बंडूनं जरा ओढला, पुन्हा सोडला. आता कुणी हसत नव्हतं.

धप्प!

काठी वाकली. बंडू काठावरून घसरला आणि गुडघाभर पाण्यात गेला. काठी सोडली तर भट्टी गेली, जुलेखा गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं दात आवळून काठी धरून ठेवली. दुसरा पाय निसटणार, तेवढ्यात मागून दोन दांडगे हात आले आणि त्याला कमरेला धरून वर उचललं. खुद्द जोतीराम वस्ताद होते! मरळ पाहिल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

“सोडू नगंस! दमव तिला, दमव!” ते ओरडत होते.

दोघांनी मिळून मरळ काठाला आणली. जुलेखानं पाण्यानं भरलेलं घंगाळ तयार ठेवलं होतं. काळी, चकचकीत, वस्तादांच्या हाताहूनही लांब मरळ त्यात गरागरा फिरू लागली.

मग नंदिनीनं चोथ्याची, मासोळ्यांची आणि पोरांनी पाहिलेली सगळी हकिकत सांगितली. शेवटी तिनं एकच प्रश्न विचारला: तालमीतली म्हैस कुठं गेली? आकारामनं हातातलं पातेलं पाठीमागं लपवलं. वस्ताद आधी चोथ्याकडं बघत राहिले, मग मरळीकडं, मग पलीकडच्या विझलेल्या भट्टीकडं.

गर्दीतून बनाबाई पुढं आली. तिला इतक्या माणसांत बोलायची सवय नव्हती.

“प्लेगात तुम्ही समद्यांनी दारं लावलीसा,” ती म्हणाली. “माझं पोर ह्या माणसानं पाठीवर न्हेलं. आन् त्येलाच उठवायला आज समदे वेळेवर आलाय.”

कुणाला तिच्या नजरेला नजर देता येईना. नृसिंहपंतांनी पागोटं काढून हातात घेतलं. आपण न पाहता मान डोलावली, ही आपली चूक झाली, त्यानं पेठेचंच नुकसान झालं असतं, असं ते बाबालालना म्हणाले. मग त्यांनी तिन्ही मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शाळेत शिकवतो ते यांनीच खरं केलं, असं सगळ्यांना सांगितलं.

वस्ताद बाबालालसमोर येऊन उभे राहिले. आखाड्यात कधी न वाकलेला तो माणूस वाकला. “बाबालाल, मी चुकलो. भट्टी हाय तितंच ऱ्हाईल. आन् ही मरळ तुझी. घरला न्हे.”

बाबालालनी घंगाळात पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “न्हाय वस्ताद. हिनं माझी साक्ष दिली. साक्षीदाराला कोण शिजवून खातंय व्हय?”

बंडूच्या तोंडाला सुटलेलं पाणी तिथंच आटलं, पण नंदिनीनं सुटकेचा श्वास सोडला. वस्तादांनीच घंगाळ उचललं आणि चिंचेखालच्या काठाला नेऊन मरळ पाण्यात सोडली.

दुपारपासून भट्टीवर भांड्यांची रास लागली. पहिलं पातेलं तालमीचं होतं. ते घेऊन वस्ताद स्वतः आले, इकडतिकडं पाहून जुलेखाजवळ बसले आणि तसला तांब्याचा मासा मला बी एक करून देशील का, असं हळूच विचारू लागले.

“देतो की,” जुलेखा म्हणाली. “आदी म्हस आणा.”

वस्ताद गडगडून हसले आणि आकारामला तिथूनच गावाकडं पिटाळलं.

भांडी संपता संपेनात. बंडू भात्यावर बसला होता. नवसागराचा धूर पुन्हा त्याच्या नाकात गेला, आणि या वेळी त्याची जीभ वळली.

“चाचा,” तो म्हणाला, “प्लेगात तुमी मला पाठीवरनं न्हेलंसा. ऱ्हायलंच होतं सांगायचं. लई उपकार झालं.”

बाबालालनी कापसानं पातेलं पुसलं. आतून ते लख्ख उजळलं होतं.

“लई हलका हुतास रं तेव्हा,” ते म्हणाले. “मला त्याचीच भीती वाटत हुती. आज वस्तादानं तुला उचललं, तर त्येला दम लागला. बघून माझं काळीज गार झालं बघ.”