खिडकीजवळचा पहारेकरी

तराजूला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच उरली होती, आणि त्यातल्या एकाची वाचा गेली होती. बाकी सगळे, म्हणजे मासिकातले सहकारी, संपादकबाई, जिन्यात भेटणारा कुरियरवालासुद्धा, त्याला तराजूच म्हणत. व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांची परीक्षणं लिहायची, हा त्याचा धंदा. परीक्षणाखाली दोन रकाने ठरलेले: 'जमेच्या बाजू' आणि 'खटकलेल्या बाजू'. दोन्ही पारडी भरल्याशिवाय तो निकाल देत नसे. एखाद्या गेमनं त्याला ढसाढसा रडवलं असतं, तरी खालच्या रकान्यात 'मेनूची अक्षरं बारीक' एवढं तरी त्यानं टाकलंच असतं. त्याच्या ताईनं एकदा घरात नवे पडदे लावले आणि हौसेनं विचारलं, "कसे दिसतात?" त्यानं दोन्ही रकाने भरून सांगितले. ताई त्यानंतर बरेच दिवस फोनवर फक्त कामाचं बोलत होती.

आताही ती कामाचंच बोलत होती. काम होतं नानांचं.

नाना म्हणजे त्यांचे वडील. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं, त्यातही कोट शिवण्यात हात बसलेला. मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलणं बंद. मानही वळत नसे. सकाळी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, की दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडे तोंड आणि खोलीकडे पाठ. हलत असे तो फक्त उजवा हात. अंगठा आणि तर्जनी जुळवून ते न दिसणाऱ्या दोऱ्याचं टोक पिळत, निमुळतं करत आणि न दिसणाऱ्या सुईत ओवत. ओवून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच डोळे वर उचलून खिडकीशेजारच्या भिंतीवरचा आईचा फोटो बघत. बाकी आत किती शिल्लक आहे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. "कळत असेलही," ते म्हणाले होते, "नसेलही." अशा निकालाचं परीक्षण कुणी छापलं नसतं.

तराजूचं टेबल नानांच्या मागेच होतं. आजारपणापासून तो घरूनच काम करत असे. बापानं रस्ता बघायचा, मुलानं गेमचा पडदा बघायचा. दोघांत आवाज काय तो कंट्रोलरच्या बटणांचा.

"शनिवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन येते," ताई म्हणाली. "गावाबाहेरचं शुश्रूषागृह बघून आलेय. स्वच्छ आहे, बाग आहे. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"नानांना काय हवंय ते कळल्याशिवाय कसं सांगू?"

"ते बोलू शकत नाहीत आणि तू बोलत नाहीस. मी काय भिंतीला विचारू?"

हातातल्या नव्या गेमचं परीक्षणही शनिवारीच द्यायचं होतं.

गेम तसा बेतानं बनवलेला होता. एका अवाढव्य सरकारी इमारतीत शिरायचं, पहाऱ्याची नजर चुकवत, सावलीसावलीनं पुढं सरकायचं, कुणाला मारायचं नाही. नायकाकडे हत्यार नाही. आहे ती एक विद्या. तिचं नाव कानोसा. पहारेकऱ्याच्या मागे दबकून उभं राहायचं, बटण दाबून धरायचं, की त्याच्या मनातलं हेडफोनमध्ये कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. जितका वेळ दाबाल तितकं खोलवरचं. पण खरी मेख पुढेच होती. ऐकलेला विचार पहारेकऱ्याच्या डोक्यातून जातो आणि तुमच्याकडे जमा होतो. दाराचा सांकेतिक शब्द चोरलात, तर तो बिचारा दारासमोर असा उभा राहतो, जसे आपण स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते आठवत उभे राहतो. तराजू खूश झाला. जमेच्या बाजूत त्यानं लिहिलं, 'इथं ऐकणंही फुकट नाही.'

खटकण्यासारखंही होतं. पहारेकरी मठ्ठ होते. चाहूल लागली की सगळे एकाच सुरात विचारत, "कोण आहे तिकडं?" मग आधी मान वळे, मागून खांदे. ते एकेक कोपरा नजरेनं झाडून काढत आणि म्हणत, "कोणी नसेल. वारा असेल." की परत जागेवर. बंद तळघरात वारा कुठून आला, हे एकाच्याही डोक्यात येत नसे. तराजूनं हे वाक्य खालच्या रकान्यात आनंदानं टाकलं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या लांब दालनात त्याला तो पहारेकरी दिसला. बाकी सगळे उभे, हा बसलेला. टोकाला खिडकी, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत पाठमोरा माणूस. 'पहाऱ्यावरचा माणूस खुर्चीत?' तराजूनं खालच्या रकान्यासाठी मनाशी टिपून ठेवलं आणि त्याच्यामागे जाऊन कानोसा घेतला.

"कोट बगलेत धरतोय," हेडफोनमध्ये कुजबुज आली. "अस्तर आत ओढलंय. कुणी शिवला हा?"

तराजू हसला. गणवेशाला नावं ठेवणारा पहारेकरी! आवाजही बाकीच्यांसारखा कमावलेला नव्हता. म्हातारा, जरा घशात अडकणारा. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"टोक ओलं करायचं. पिळून निमुळतं करायचं. मग दोरा आपणहून जातो."

त्याचं हसू ओसरलं. त्यानं हेडफोन काढले. खोलीत दुपार पसरली होती. समोर नानांची पाठ. काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं, पण काय ते लगेच ध्यानात येईना. मग आलं.

नानांची बोटं थांबली होती.

त्यानं पुढं जाऊन पाहिलं. नाना जागे होते. हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला होता, दुकानात विसरलेल्या हातमोज्यासारखा.

योगायोग, त्यानं ठरवलं. तरी त्यानं चष्म्याला फोन लावला. चष्मा म्हणजे दुसऱ्या मासिकातला त्याचा प्रतिस्पर्धी. एकमेकांना पाण्यात पाहणं हाच त्यांचा स्नेह.

"तिसरा मजला, लांब दालन. खिडकीजवळ बसलेला पहारेकरी कसा वाटला?"

"कसला पहारेकरी? तिथं नुसती खुर्ची आहे. माझ्याकडून माहिती काढायची ही नवी पद्धत का रे?"

"रिकामी?"

"रिकामी म्हणजे रिकामी. झोप काढ जरा. परीक्षण माझंच आधी येणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं गेम पुन्हा लावला. पहारेकरी तिथंच होता. बटण दाबताना तराजूचा अंगठा जरा अडखळला.

"तिच्या निळ्या पोलक्याला गळ्याशी काळ्या दोऱ्याची टीप घातली मी. नजरचूक. मला चिडवायला तेच घालून फोटो काढलान् तिनं."

तो उठला. आईचा फोटो त्यानं लहानपणापासून पाहिला होता, पण निरखला कधी नव्हता. त्यानं काचेला नाक लावलं. निळ्या गळ्याशी, अगदी बारीक, काळी टीप होती.

त्यानं फोटो उतरवून नानांसमोर धरला. नानांची नजर त्यावर आली आणि पुढे निघून गेली, रस्त्यावरच्या कुठल्याही बाईवरून जावी तशी.

तराजूनं कंट्रोलर खणात टाकला आणि खण बंद केला.

शनिवार उजाडला, चढला. परीक्षण अर्धवट होतं. संपादकबाईंचा निरोप आला, "पारडं अजून वरखालीच होतंय का?" ऊन कलायला लागलं तेव्हा ताईचा फोन आला.

"निघाले मी. त्यांचे कपडे भरलेस का? का अजून नानांच्या उत्तराची वाट बघतोयस?"

"ताई, त्यांना जायचं नसेल तर?"

"मग मी गाडी परत नेते आणि पुन्हा हा विषय काढत नाही. पण तुझ्या अंदाजावर नको. मला खात्री हवी."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खणाकडे बघत बसला. एकच गोष्ट ऐकायची होती. शेवटची. नानांच्या मनातून ती जाईल हे खरं, पण जाऊन जाऊन जाणार कुठे? त्याच्याकडेच येणार. तिकडे खर्ची पडली तरी इकडे जमा. घरातलं घरातच. तोच सांभाळेल ती त्यांच्यासाठी. हिशेब त्याला चोख वाटला. त्याला हिशेब नेहमीच चोख वाटत.

त्यानं खण उघडला.

दालन. खिडकी. पाठमोरी मान. त्यानं बटण दाबलं आणि या वेळी सोडलं नाही. एखादी विद्या शेवटपर्यंत ताणून बघितल्याशिवाय तिच्यावर लिहायचं नाही, हा त्याचा जुना नेम होता.

आधी नुसती खरखर आली.

मग शिलाई मशीन दूर कुठे चालल्यासारखा आवाज.

मग कुजबुज, फार खोलवरून.

"मागे बटणं वाजतायत. पोरगा आहे माझा. तो मागे आहे तोवर मी कुठं कशाला जाऊ?"

आवाज थांबला.

तराजूनं हेडफोन भिरकावले. त्याचे डोळे भरून आले होते. "नाना," तो म्हणाला, "इथंच राहायचं. मी सांगतो ताईला. इथंच."

खुर्ची करकरली.

हिवाळ्यापासून न वळलेली मान वळत होती. आधी मान. मागून खांदे.

नानांचे ओठ हलले. शब्द स्वच्छ आले.

"कोण आहे तिकडं?"

"नाना, मी."

त्यांची नजर टेबलावरून गेली. दारावरून. त्याच्यावरून. एकेक कोपरा झाडत ती खोलीभर फिरली.

"कोणी नसेल," नाना म्हणाले. "वारा असेल."

आधी मान परत गेली, मागून खांदे.

खिडकी बंद होती.

ताई आली तेव्हा तो टेबलाशी तसाच उभा होता. तिनं पर्स ठेवली, नानांच्या कपाळावर हात टेकवला, आणि मग त्याच्याकडे वळली.

"काय ठरलं?"

"इथंच राहायचंय त्यांना."

"कुणी सांगितलं?"

त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली. तिच्या कोटाची डावी बाही बगलेत धरत होती, अस्तर आत ओढलं गेलं होतं. ते उसवून बोटभर सोडायला हवं होतं. या गोष्टीकडे आपलं लक्ष का जावं, ते त्याला कळेना.

"अरे, बोल ना," ताई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आणि हातानं हे काय चालवलंयस?"

त्यानं खाली पाहिलं. त्याचा अंगठा आणि तर्जनी जुळून काहीतरी पिळत होती, निमुळतं करत होती. डावा हात डोळ्यांजवळ आला होता, काहीच नसलेलं काहीतरी चिमटीत धरून. आयुष्यात त्यानं कधी सुई हातात घेतली नव्हती.

दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.