चाक थांबलं, गाडी थांबली नाही

“चाक थांबलं. गाडी थांबली नाही.”

ठोंब्या हे तिसऱ्यांदा म्हणाला, तशी मी वैतागलेच. ठोंब्या म्हणजे आजोबांचा यंत्रमानव. माझे आजोबा शास्त्रज्ञ. मोटारसायकली किती सुरक्षित आहेत ते तपासतात, आणि ठोंब्या त्या चालवून बघतो. आज मात्र गावात शिरतानाच, आमच्या घराजवळच्या वळणावर तो धाडकन आपटला होता. हेल्मेटवर ओरखडे, कोपर वाकडं.

“अरे, पण का?” मी ओरडले. “ब्रेक नवे, टायर नवे, रस्ता कोरडा! आणि ताई त्याच रस्त्याने येतेय!”

शर्वरीताई लातूरहून मोटारसायकलवर निघाली होती. गाडी चालवताना ती फोन बंद ठेवते. शहाणी आहे, पण आज मला तिच्या शहाणपणाचाच राग आला. आता तिला कळवायचं कसं?

आजोबांनी ठोंब्याच्या गाडीच्या टायरच्या खाचेतून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. सोयाबीनचा दाणा!

“फरशीवर मूठभर दाणे टाक. वर तुझी रबरी चप्पल दाबून ढकल.”

चप्पल सुर्रकन निघाली. दाणे झाडून पुन्हा ढकलली, तर जागीच अडली.

“बघ,” आजोबा भराभर सांगू लागले. “टायर रस्ता धरून ठेवतो तो घर्षणामुळे (दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना सरकण्याला होणारा विरोध). ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता! मधे गोल दाणे आले की टायरची पकड सुटते, आणि गाडी दाण्यांवरून घरंगळते. त्यात वेग दुप्पट असला की थांबायला अंतर चौपट लागतं.”

“पण रस्त्यावर दाणे आले कुठून?” मी विचारलं आणि जीभच चावली. ते आमचेच होते. सगळ्या गावासारखं बाबांनीही सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घातलं होतं.

“सगळेच घालतात की,” बाबा म्हणाले. “आणि गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड लावलेत ना!”

“तेच तर!” आजोबा कडाडले. “अंधारात दगड दिसणार कुणाला? दगडाला धडकेल, नाहीतर दाण्यांवर घसरेल. पोर तुझीच आहे रे!”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. खराटा उचलून ते पळालेच. मी दगड उचलत सुटले. ठोंब्या वाकड्या कोपराने ताडपत्री ओढू लागला. दिवस मावळला होता. किती झाडलं तरी दाणे संपेनात!

एवढ्यात लांबून दिवा दिसला.

“आजोबा, आली!”

ठोंब्या कडेला उभा राहून डोक्यावरच्या लाल दिव्याची उघडझाप करू लागला. बाबांनी शेवटचा फराटा मारला. दिवा जवळ आला, आणखी जवळ आला. कर्रर्र!

ताईने हेल्मेटची काच वर केली. “काय गं, सगळं घर रस्त्यावर?”

मी तिला घट्ट मिठी मारून भोकाड पसरलं. बाबा एकदम वळून शेजाऱ्यांना हाक मारू लागले. “ओ किसनतात्या, तुमचंही उचलू चला. मी येतो मदतीला. उद्यापासून सगळ्यांचं शाळेच्या पटांगणात वाळवू!”

ठोंब्या वाकून ताईचं चाक निरखत होता.

“चाक थांबलं,” तो म्हणाला. “गाडीपण थांबली.”