उजवा रकाना

बसा साहेब. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे बाकावर बसा, टाकीची सावली आहे. वही देतो, नाही म्हणत नाही. तुमच्या ऑफिसातून तीन पत्रं आली, आता तुम्ही स्वतः चार मजले चढून आलात, रिकाम्या हाताने कसं पाठवू? फक्त चार वाजू द्या. चारची नोंद झाली की वही तुमची.

अजून अर्धा तास आहे. तोवर सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

माझं नाव राघो. या शाळेत पस्तीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण म्हणाल तर चौथी. निवृत्त झालो त्याच वर्षी शांता गेली. मूलबाळ नाही. हेडमास्तरांनी जिन्याखालची खोली दिली, म्हणाले, रखवालीला राहा. तेव्हापासून इथेच आहे. मुलं असतात तोवर बरं असतं. मे महिन्यात मात्र शाळा अगदी मोकळी होते. वर्गांतून खडूचा वास येत राहतो, खाडीकडून चिखलाचा. बाहेर कळवा सगळा गजबजलेला आणि आत मी एकटा. कुठला तरी नळ ठिबकतो, तो शोधण्यात दुपार जाते. घंटा मी सुट्टीतही देतो. हळूच, एक टोला सकाळी, एक संध्याकाळी. कोणाला ऐकू जात नाही.

प्रीतीबाईंना तुम्ही ओळखताच, तुम्हीच त्यांना फेलोशिप दिलीत. सहावीला विज्ञान शिकवतात. पण मला ती बाई नाही, प्रीती. याच शाळेत शिकली. मागच्या चाळीत राहायची, आई भीमाबाई घरकामं करायची. शाळा सुटली की आई येईपर्यंत पोर माझ्या स्टुलाजवळ बसून पाटी गिरवायची. मला मामा म्हणते. पुढे त्यांनी कोपरीला घर घेतलं, तरी मामा तसाच राहिला.

गेल्या एप्रिलमध्ये ती धावत आली. देशभरातून नऊ शिक्षक निवडलेत, त्यात ती आहे, उत्तरेच्या बर्फाच्या समुद्रात बोटीने महिनाभर जायचं आणि परत येऊन मुलांना शिकवायचं, असं सांगू लागली. मला धड समजेना, पण तिचा चेहरा बघून मीही हसत होतो. मग तिने ही वही काढली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावा रकाना शाळेचा, उजवा बोटीवरचा. तुमचाच नियम होता म्हणे, घरच्या जागी एक जोडीदार हवा. एकाच वेळी दोघांनी आपापल्या ठिकाणी आभाळ पाहायचं आणि लिहायचं. ती तिच्या डायरीत लिहिणार, परत आली की इथे उजवीकडे उतरवणार.

"बाकी सगळे सुट्टीला गावी चाललेत," ती म्हणाली. "मामा, तुम्ही कराल?"

"अगं, मी चौथी पास. मला कुठे विज्ञान येतं?"

"आकडे येतात ना? डोळे आहेत ना? झालं तर मग."

"चष्म्याचा नंबर वाढलाय."

"बहाणे नको हां मामा. पाटी कोरी ठेवली तेव्हा माझा एक तरी बहाणा ऐकलात का तुम्ही?"

ती मला इथे गच्चीवर घेऊन आली. टाकीच्या सावलीत तापमापी लावली, त्या काठीला कापडाची पट्टी बांधली, वारा कळायला. मग शिकवलं. चार वाजता वर यायचं. तापमान, वारा, पक्षी. डोळ्यांनी पाहायचं, मगच लिहायचं. न पाहता एक अक्षर लिहायचं नाही.

"आणि आधी नोंद, मग गप्पा," ती म्हणाली.

"गप्पा कोणाशी मारू गं इथे?"

"माझ्याशी. तुमचे चार वाजतील तेव्हा तिथे भर दुपार असेल. मी डेकवर उभी राहीन. सूर्य तोच ना? तुम्ही इथून बघा, मी तिथून बघीन. म्हणजे एकटं वाटणार नाही."

"मला?"

"मला हो मामा," ती हळू आवाजात म्हणाली. "इतक्या लांब पहिल्यांदाच चाललेय."

तर साहेब, अकरा दिवस मी चुकलो नाही. डोक्यावर काळी छत्री, हातात वही. चौतीस, पश्चिम, बगळे सहा. पस्तीस, पश्चिम, घार एक. लिहून झालं की सूर्याकडे ओझरतं बघायचो आणि दोन शब्द बोलायचो. जेवलीस का, थंडी फार आहे का, असंच. वेड्यासारखं वाटायचं, पण बरंही वाटायचं.

बाराव्या दिवशी माझी बहीण गावी जायला निघाली. तिला सोडायला खोपटच्या डेपोत गेलो. एसटी तीनची होती, ती आली साडेपाचला. परत यायला सात वाजले. वही उघडली तर बाराव्या दिवसाची ओळ कोरी.

आता माझी खोड सांगतो. आम्हा शिपायांकडे पाण्याची टाकी धुतल्याचं रजिस्टर असतं. ते रोज कोण लिहितं? शनिवारी बसायचं आणि आठवडाभराचं एकदम भरायचं. सगळे तसंच करतात, पस्तीस वर्षं मीही केलं. हात आपोआप चालला. चौतीस, पश्चिम, बगळे चार. दिवा मालवून झोपलो. मनाला काही टोचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चारला वही उघडली. कालच्या ओळीत, उजव्या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलं होतं.

उणे चार. वारा नाही. धुकं. गच्चीवर कोणी नाही.

अक्षर प्रीतीचं होतं. जे अक्षर माझ्या स्टुलाशेजारी घडलं, ते ओळखायला मी चुकणार नाही. कागद थंड लागत होता. मे महिन्यात, या उन्हात, थंड. वही सहावीच्या कपाटात असते, किल्ली माझ्या कमरेला. मी खाली जाऊन सगळे वर्ग पाहिले. कोणी नव्हतं. नळही ठिबकत नव्हता.

त्या दिवसापासून चारची एकही नोंद चुकवली नाही. माझी ओळ लिहायचो, वही मिटायचो, दुसऱ्या दिवशी उघडली की उजवीकडे भरलेलं असायचं. उणे चार. धुकं. गच्चीवर मामा, काळी छत्री. पुढच्या दिवशी, उणे चार, बोटीचा भोंगा ऐकू आला. त्याच्या पुढच्या दिवशी, उणे चार, भोंगा ऐकू येत नाही.

मी हेडमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो राघो, बाई मजेत आहेत, कालच बोटीवरून मेल आला. तुम्ही उन्हात जास्त बसता का हो?"

आणि खरंच, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी प्रीती आली. नाकाची सालं निघालेली, हसत. मला गूळ आवडतो हे विसरून तिने कुठलंसं चॉकलेट आणलं होतं. म्हणाली, "मामा, द्या वही, माझा रकाना भरून टाकते. त्यांना पाठवायचीय."

मी म्हणालो, सापडत नाही. का म्हणालो, सांगता येणार नाही. उजवा रकाना भरलेला होता ना.

तिने चॉकलेट माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "एक विचारू? बाराव्या दिवशी आम्ही बर्फावर उतरलो होतो. तुमचे चार वाजायला आले म्हणून मी घोळक्यातून जरा बाजूला झाले, सूर्य बघायला. आणि धुकं आलं. हातभर दिसेना. वीस मिनिटं मी एकटी होते मामा. तुम्हाला हाका मारत होते, माहितेय? हसाल तुम्ही. मग त्यांना सापडले मी." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही होतात ना वर?"

"होतो," मी म्हणालो.

आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन. हे एवढं मात्र अजून घशात आहे.

त्या दुपारी ती माझ्याबरोबर गच्चीवर आली, चार वाजता. वही माझ्या सदऱ्यात होती. जूनचं ऊन, माझ्या कानशिलावरून घाम वाहत होता. तिने हात स्वतःभोवती घट्ट गुंडाळून घेतले होते. दुसऱ्या दिवशी उजव्या रकान्यात वाचलं.

उणे चार. धुकं. गच्चीवर मामा. शेजारी कोण?

साहेब, पाणी हवं का? नको? बरं.

शाळा सुरू झाली. प्रीती चांगलं शिकवते, मुलांना तिची मोहीम तोंडपाठ आहे. बाहेरून बघाल तर काही वेगळं नाही. पण श्रावणात भीमाबाई आली, या इथेच, पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली बराच वेळ.

"राघोभाऊ, पोर माझीच आहे हो," म्हणाली. "नाही असं कसं म्हणू? पण झोपेत कुडकुडते. दोन गोधड्या घालते मी. सकाळी उशी ओली असते. आणि झोपेतच बोलते... कोणी आलंच नाही, म्हणते. कोण यायचं होतं हो, राघोभाऊ? तुम्हाला काही बोलली का?"

म्हातारी उठताना माझ्या हातात गुळाचा खडा ठेवून गेली.

इतक्या दिवसांत उजवा रकाना हलला नव्हता. रोज उणे चार, रोज धुकं. तिकडेही उन्हाळा आला असेल, बर्फ वितळला असेल, पण तिच्या ओळीत नाही. ती त्याच वीस मिनिटांत उभी होती. घरी आली ती कोण, मला ठाऊक नाही. प्रीतीच असेल. पण सगळी नाही आली. जी सूर्य बघायला बाजूला झाली, ती तिथेच राहिली आणि माझ्या गच्चीकडे बघत बसली. तिला वाटलं होतं, कोणी तरी असेल.

त्या संध्याकाळी मी बाराव्या दिवसाच्या माझ्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, मी गेलो नव्हतो. न पाहता लिहिलं. चुकलं पोरी. ये.

दुसऱ्या दिवशी उजवीकडे होतं, उणे तीन. धुकं विरळ. निघाले.

मग आकडा रोज वर सरकू लागला. शून्य, बर्फ संपला. सहा, पाऊस, वाटेत कोणी नाही. दिवाळीत अकरा, सफरचंदाची झाडं. कधी नुसता आकडा आणि पक्षी. पायी येत होती साहेब. मी डाव्या रकान्यात माझी नोंद लिहायचो आणि तिच्याखाली तिला वाट सांगायचो, मला ठाऊक तेवढी. जानेवारीत कसाऱ्याचा घाट आला, तेवीस. मग कल्याण, पत्री पूल, अठ्ठावीस. मग डोंबिवली. मग मुंब्र्याचा डोंगर.

खोटं नाही सांगत, मला आनंद होतो आणि रात्री खोलीची कडी दोनदा तपासतो. दोन्ही खरं आहे. आठवडाभर जिन्यात गारवा आहे. मुलंसुद्धा म्हणतात, आजोबा, इथे एसी लावला का?

हे बघा, कालची ओळ. तुम्हीच वाचा. डावीकडे माझं, एकतीस, पश्चिम, खाडीत रोहित पुष्कळ, म्हणजे ते गुलाबी फ्लेमिंगो. आणि उजवीकडे... हो, तेच. एकतीस, पश्चिम, खाडीत रोहित पुष्कळ. शब्दाला शब्द. आणि खाली काय लिहिलंय? आधी नोंद, मग गप्पा. उद्या गप्पा.

तो उद्या म्हणजे आज. म्हणून म्हटलं, चार वाजू द्या.

आज प्रीती सहावीच्या वर्गाला रोहित दाखवायला वर आणणार आहे. मी नको म्हटलं होतं. पण ती म्हणाली, मामा, मुलांना पाहू द्या की, आणि हसली. मग वाटलं, बरंच आहे. होऊ दे एकदाची भेट. एकीला दुसरी मिळाली तर भीमाबाईची पोर पुरी होईल. नाही मिळाली तर... ते मला माहीत नाही.

ऐका, मुलं आली. पायांचा आवाज येतोय. चार वाजले. थांबा, तापमापी बघतो. एकतीस. पट्टी पश्चिमेची. लिहू द्या मला.

आली. पायरीवर बघा, निळ्या साडीत, तीच प्रीती. मुलं तिच्या मागे आहेत. पण ती वर का येत नाहीये? शेवटच्या पायरीवर थांबलीय. दोन्ही हात घट्ट गुंडाळून घेतलेत.

"मामा," ती विचारतेय, "तुमच्या शेजारी कोण आहे?"

साहेब, हलू नका. ती तुमच्याकडे बघत नाहीये. तुम्ही माझ्या डाव्या हाताला आहात... ती माझ्या उजवीकडे बघतेय.