तळाचा रंग

"तळाला एवढा भडक रंग कोण देतं, मॅडम? तळ काय कुणाला दिसतो?" रंगवाला म्हणाला.

"होडी उलटली की तळच दिसतो," मी म्हटलं.

त्यानं शेड कार्ड माझ्याकडे सरकवलं. भिंगरीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, क्षणाचाही विचार न करता नारिंगीवर बोट ठेवलं. मी हार्डनर, प्रायमर, दोन रोलर आणि बारीक पॉलिश पेपर घेतला. पाण्यात टिकणारा रंग आहे ना, हे त्याला तीनदा विचारलं. तो वैतागला. वैतागू दे.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुणाला तांबडा-हिरवा वेगळा कळत नाही ते ठिपक्यांच्या चित्रांवरून रोज सांगते. तेव्हा रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, हा माझा जुना माज. दादापुढे मात्र तो कधी चालला नाही.

दादानं ही फायबरची छोटी शिडाची होडी घेतली, तेव्हा निदान तळ तरी नारिंगी कर म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं होतं. "होडी आहे ती, आइसक्रीमची गाडी नाही!" असं तो म्हणाला आणि घरातले सगळे हसले. वहिनीसुद्धा. त्यानं होडीला आत-बाहेर पाण्यासारखा राखाडी रंग दिला, आणि वर आम्हाला म्हणाला, "आता बसा खिडकीतून शोधत." आमची खिडकी खाडीवर उघडते. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, की आम्ही खिडकीतून टॉवेल हलवून त्याला बोलावून घ्यायचो. त्याला तेच नको होतं.

मग एका वाऱ्याच्या दिवशी होडी उलटली. ती सापडली दुसऱ्या दिवशी. दादा तळावर पालथा होता, सुकाणूच्या दोरीत मनगट अडकवून. लाँचवाला रडत होता. "ताई, काल आम्ही इथूनच गेलो हो. दोनदा गेलो. काही म्हणजे काही दिसलं नाही." माझं म्हणणं खरं ठरलं. असलं खरं ठरणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

होडी मागच्या अंगणात कितीतरी वर्षं पालथी पडून होती. आता भिंगरी क्लबात होडी चालवायला शिकली होती, आणि तिला तीच हवी होती. वहिनीनं आकाशपाताळ एक केलं, दोन दिवस जेवली नाही, पण पोरगी कुणाची? दादाचीच! शेवटी वहिनी म्हणाली, "तळ मला खिडकीतून दिसला पाहिजे. दिसला तर खुशाल जा. नाही दिसला तर पाण्यात पाय घालू देणार नाही मी."

आम्ही होडी खाली नेऊन धक्क्यावर लाकडी घोड्यांवर पालथी ठेवली आणि घासायला लागलो. आईला चिडवायला भिंगरी घासतानाही पाण्यातलं नारिंगी जॅकेट घालून बसायची. "दिसते ना गं आई?" असं खिडकीकडे बघून ओरडायची. होडीवर रेलून रेलून ते जॅकेट खरवडलेल्या जुन्या रंगाच्या भुकटीनं माखलं होतं.

पहिला हात सकाळी दिला. रंग असा पेटला की डोळे दिपले. वहिनीनं खिडकीतून हात हलवला. कितीतरी वर्षांनी मी तिला हसताना पाहिलं.

दुपारी चहा घेऊन गेले, तर वाटलं होडीवर कुणीतरी ताडपत्री टाकलीय. ताडपत्री नव्हती. होडीच राखाडी होती. रंग गुळगुळीत, छान वाळलेला. त्याच डब्यातला रंग लावलेली फळी शेजारी पडली होती. ती नारिंगीच.

"जुन्या फायबरनं रंग खाल्ला असेल," रंगवाला म्हणाला. "प्रायमर बदलून बघा." मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. सगळं खरवडलं, प्रायमर बदलला, लाल दिला. लालही गेला. या वेळी राखाडीत हिरवट झाक होती. त्या दिवशी खाडीच्या पाण्यातही होती.

मी चष्म्याच्या दुकानात जाऊन स्वतःचे डोळे तपासले, भिंगरीचेही तपासले. दोघींनी ठिपक्यांतले एकूण एक आकडे बरोबर वाचले.

मग आम्ही चार पट्टे ओढले. पिवळा, लाल, नारिंगी, पांढरा. आणि मी स्टूल टाकून समोर बसले. बघू कसे जातात ते.

कधी गेले ते कळलंच नाही. ढग आला, पाणी काळवंडलं, होडीही काळवंडली. ऊन आलं, पाणी उजळलं, होडीही उजळली. पट्टे नव्हते. होडी कुठे संपते आणि मागचं पाणी कुठे सुरू होतं, ते मला दिसेना. शेवटी हात पुढे करून चाचपलं. गार फायबर लागलं.

वहिनी खाली आली. तिनंही हात पुढे करून चाचपलं.

"त्याला सापडायचंच नव्हतं कधी," ती म्हणाली. "घरात असायचा तेव्हाही."

"वहिनी, अगं गेलेल्या माणसाबद्दल..."

"गेला तो सुटला. माझं आयुष्य गेलं त्या खिडकीत!"

मी म्हटलं, "बस झालं. उद्या करवत लावून तुकडे करू."

भिंगरी रडली, भांडली, रंगाच्या डब्याला लाथ मारली. मग नाक पुसत म्हणाली, "ठीक आहे. मी क्लबची होडी घेते. तिचा तळ पिवळाधमक आहे. झालं समाधान?"

वहिनीनं तिला कवटाळलं. मग स्वतःच्या साडीला लागलेली भुकटी बघून म्हणाली, "शी! जा, ते जॅकेट धुऊन ये आधी. मी टॉवेल आणते."

भिंगरी पायऱ्या उतरून पाण्याकडे पळाली. वहिनी टॉवेल घेऊन आली, तो खांद्यावर टाकून माझ्याशेजारी उभी राहिली.

"आइसक्रीमची गाडी," ती एकदम म्हणाली. आम्ही दोघी हसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र.

"भिंगरे, चल गं!" मी हाक मारली.

"आले!"

आवाज खालूनच आला. पायऱ्या रिकाम्या होत्या. पुढे नुसतं पाणी.

"कुठे आहेस?"

"काय आत्या! ही काय, समोर! हात हलवतेय ना!"

वहिनीची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"जॅकेट घातलंयस ना?" मी विचारलं.

"घातलंय की!"

लांब पाण्यात नारिंगी बोया तरंगत होता. त्याच्यावरचा आकडाही मला वाचता येत होता. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. बघता बघता तो बोया एका कडेनं दिसेनासा झाला. मग त्याच कडेनं पुन्हा दिसू लागला. माझ्या आणि त्याच्या मधून कुणीतरी चाललं होतं.

"दिसते का गं तुला?" वहिनीनं विचारलं.

मी बोयाकडे बोट केलं.

वहिनीनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पाण्याकडे बघून हलवायला लागली.